कर्मवीर दादासाहेब गायकवाड : तेव्हाची दुही आणि आजची दुही



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवेळी चळवळीतल्या एखाद्या थोर माणसाचं चरित्र छापायचं, अशी आपली पद्धत आहे. यंदा संपादक मंडळानं हे काम माझ्याकडे दिलं. कोणावर लिहायचं हे त्यांनी माझ्यावरच सोडलं होतं. मी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचं नाव घेतलं, त्याला कारण घडलं ते गेल्या १४ एप्रिलला.

त्या दिवशी आपल्या वस्तीतून दोन मिरवणुका निघाल्या. वस्ती एक, विहार एक, बाबासाहेब एक, पण रथ दोन आणि डीजे दोन. मिरवणुकीच्या आदल्या रात्री मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये काय काय लिहिलं गेलं ते मी इथे लिहीत नाही, पण सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांना ग्रुपमधून काढलं. एका घरात तर बापाचा पक्ष वेगळा आणि मुलाचा वेगळा, म्हणून नातवाच्या नामकरणाला अर्धे पाहुणे आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी विहाराच्या पायरीवर चार जुनी माणसं बसली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं की, पूर्वी असं नव्हतं, माणसं भांडायची पण तुटायची नाहीत, आता राजकारणानं घरं फोडली.

मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र वाटलं, खरंच नव्हतं का पूर्वी असं? आपण कोणत्या पूर्वीबद्दल बोलतोय? हे ताडून पाहायचं तर एका माणसाचं आयुष्य धरून पाहावं. आणि दुही काय असते हे दादासाहेबांइतकं जवळून, बाहेरच्यांचीही आणि घरातलीही, कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

दादासाहेबांचं पूर्ण नाव भाऊराव कृष्णराव गायकवाड. जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी. महाराच्या घरात त्या काळी जन्माला येणं म्हणजे काय, हे या पुस्तिकेच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. कॉलेजची पायरी त्यांनी चढली नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. विशीतच ते बाबासाहेबांच्या सहवासात आले आणि नाशिक जिल्ह्यात बाबासाहेबांचा उजवा हात झाले. बाबासाहेबांनी त्यांना वेळोवेळी लिहिलेली पत्रं आज छापील मिळतात. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी जरूर वाचावीत. गायकवाडांशी बाबासाहेब किती मोकळेपणानं बोलत, अडचणी सांगत, कधी रागावत, हे त्यातून कळतं.

दादासाहेबांचं नाव महाराष्ट्राला कळलं ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे. सत्याग्रह समितीचे चिटणीस तेच होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते, आणि दुपारनंतर मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसं, चार-चारच्या रांगेत, जवळजवळ मैलभर लांब. पुढे बँड, मग मुलांचं पथक, मग बाया, मग पुरुष. कोणाच्या हातात काठी नाही. मंदिराचे दरवाजे आतून बंद करून घेतलेले. मिरवणूक तिथून वळून गोदावरीच्या घाटावर गेली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३ मार्चला, पहिली तुकडी दारांवर बसली. सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया. त्या पंचवीस बायांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. घरी लेकरं, शेतावर मजुरी, आणि या बाई पोलिसांच्या समोर, रामाच्या बंद दारापाशी बसल्या आहेत.

महिनाभर ते दार उघडलं नाही. मग रामरथाचा दिवस आला, ९ एप्रिल. तडजोड अशी ठरली होती की दोन्ही बाजूंच्या तगड्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. प्रत्यक्षात आपल्या माणसांचा हात दोराला लागायच्या आतच रथ भलत्या वाटेनं पळवून नेला गेला. मग दगड सुरू झाले. भास्कर कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचं कडं फोडून आत घुसला आणि रक्तबंबाळ होऊन पडला. बाबासाहेबांनाही लागलं. गावभर मारामाऱ्या झाल्या.

आता बघा, हे कोणत्या वर्षी चाललंय? १९३०. त्याच मार्च महिन्यात, १२ तारखेला, गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले होते. म्हणजे तिकडे मिठासाठी सत्याग्रह, इकडे मंदिरासाठी सत्याग्रह. शब्द तोच, मार्ग तोच, आणि महिना पण तोच. पण तिकडच्या सत्याग्रहींना हार घालणाऱ्यांपैकी कितीतरी जण इकडच्या सत्याग्रहींच्या विरोधात उभे होते. देश दोन भागात वाटला गेला असं आपण आज म्हणतो. तेव्हा तर एका शहरात, एकाच नदीच्या काठी, देशाचे दोन अर्थ होते.

आणि शहरात निदान पोलीस होते. खेड्यात काय झालं ते जास्त वाईट. नाशिकचा सत्याग्रह लांबत गेला तसा गावोगावी सूड उगवला जाऊ लागला. आपल्या पोरांना शाळेतून काढलं, रस्ते बंद केले, बाजारात मीठ-मिरची द्यायची नाही असं ठरवलं, मारहाण केली. दादासाहेबांची खरी परीक्षा इथे होती. मंदिराच्या दाराशी बसणारा माणूस संध्याकाळी ज्या गावात परत जाणार, तिथे त्याला दुकानदार धान्य देणार नव्हता. सत्याग्रहाच्या चिटणिसाला फक्त तुकड्या पाठवायच्या नव्हत्या, या माणसांची पोटंही सांभाळायची होती. पैसा नाही, वृत्तपत्रं विरोधात, सरकार तटस्थपणाचा आव आणून दाराला कुलूप लावू देतंय. तरी हे काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. ग्रुपमधून काढलं म्हणून आपण रडतो, मला तेव्हा त्या मिठाची आठवण होते.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून कळवलं की मंदिर-प्रवेशाचा मार्ग आता पुरे, ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ ला, नाशिक जिल्ह्यातच, येवल्याची परिषद झाली आणि बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या दारासाठी डोकी फुटली त्या दाराकडे पाठ फिरवायची, हा निर्णय सोपा नव्हता. पाच वर्षं राबलेल्या कार्यकर्त्याला तो किती अवघड गेला असेल! पण दादासाहेबांनी पाठ फिरवली ती कायमची. रुसून बसले नाहीत, वेगळा गट काढला नाही.

पुढच्या वीस वर्षांचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून गेले. खोती बंद करण्याचं बिल, शेतकऱ्यांचा १९३८ च्या जानेवारीतला मुंबईचा मोर्चा, महार वतनाच्या अन्यायाविरुद्ध परिषदा, हे सगळं त्याच काळातलं. महार वतनाचा प्रश्न तर त्यांच्या काळजाचा होता. गावकीची चाकरी चोवीस तास, मोबदला मूठभर बलुतं, आणि वर जुडीचा बोजा. ते वतन कायद्यानं गेलं ते १ फेब्रुवारी १९५९ पासून, म्हणजे बाबासाहेबांनी त्यासाठी पहिलं बिल मांडल्यानंतर तीस वर्षांनी. १९४२ ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघालं, तेव्हापासून मुंबई प्रांतात दादासाहेब त्याचा एक मुख्य आधार होते. १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पडले आणि १९५४ ला भंडाऱ्यातही पडले. घटना लिहिणाऱ्या माणसाला देशानं लोकसभेत पाठवलं नाही. ते दिवस दादासाहेबांनी पाहिले.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबर उजाडला. घरातला कर्ता गेल्यावर जे होतं, ते आपल्या समाजाचं झालं. सगळ्यांची नजर ज्या चार-दोन माणसांकडे लागली, त्यांत धोतर, कोट आणि टोपी अशा साध्या वेषातले दादासाहेब होते.

आणि लगेच निवडणूक आली, १९५७ ची. तो संयुक्त महाराष्ट्राचा काळ होता. त्या काळाबद्दल आपल्या मनात आज फक्त पोवाडे आणि हुतात्मा चौक राहिलाय. पण तेव्हा महाराष्ट्र किती पेटला होता! नोव्हेंबर १९५५ मध्ये चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी उधळली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, आणि जानेवारी १९५६ पर्यंत शंभरावर माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी गेली. काँग्रेसवाला म्हणजे महाराष्ट्रद्रोही, समितीवाला म्हणजे दंगलखोर, अशी सरळ विभागणी झाली होती. काँग्रेसमध्ये राहिलेल्या मराठी पुढाऱ्याला गावात तोंड दाखवणं कठीण झालं होतं. आज पक्षावरून घरात वाद होतो, तेव्हा पक्षावरून अंत्ययात्रा निघत होत्या.

त्याच समितीत फेडरेशन सामील झालं होतं, आणि ते बाबासाहेबांच्या हयातीत. समितीत कोण कोण होतं पाहा : समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, हिंदू महासभेची माणसंसुद्धा. बाबासाहेबांचं कम्युनिस्टांशी जमत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. हिंदू महासभेबद्दल तर बोलायलाच नको. ज्या विचाराच्या माणसांनी कधीकाळी काळारामाचं दार आतून लावलं होतं, त्यांच्याच शेजारी खुर्ची टाकून दादासाहेब बसत होते. हे त्यांना जमलं कसं? माझ्या मते याचं उत्तर साधं आहे. समितीच्या टेबलावर एकच गोष्ट होती, मुंबईसह महाराष्ट्र. तेवढ्यापुरतं एकत्र, बाकी ज्याचं त्याच्याकडे. कोणी कोणाला विचार बदलायला सांगितलं नाही आणि कोणी बदललाही नाही.

१९५७ च्या त्या निवडणुकीत दादासाहेब लोकसभेवर निवडून आले, ते नाशिकमधून. पुन्हा वाचा. ज्या नाशिकनं १९३० साली रामरथाच्या दिवशी दगड मारले, त्या नाशिकनं सत्तावीस वर्षांनी त्यांना दिल्लीला पाठवलं. मतं काही फक्त आपल्या समाजाची नव्हती, तेवढी आपली संख्याच नाही. दगड मारणाऱ्यांपैकी काही जण तोवर म्हातारे झाले असतील, त्यांच्या पोरांनी मत दिलं असेल. समितीची लाट होती, हे खरंच. पण लाटेतसुद्धा माणूस मत देताना उमेदवार पाहतोच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बघा, जुन्या काळी भांडणं मोठी पण माणसं मोठ्या मनाची. थांबा. पुढचा भाग वाचायला तितका गोड नाही, आणि आपल्याला खरा लागू होतो तो हाच.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. बाबासाहेबांच्या मनातला पक्ष, सर्व शोषितांना कवेत घेणारा. एन. शिवराज पहिले अध्यक्ष. आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत पक्ष फुटला. एका बाजूला दादासाहेब, दुसऱ्या बाजूला बॅरिस्टर-वकील मंडळींतला एक गट, त्यांच्या पुढे बी. सी. कांबळे. कांबळे हे काही ऐरेगैरे नव्हते. १९५७ च्या लोकसभेत ते दादासाहेबांचे सहकारी होते, पुढे त्यांनी बाबासाहेबांचं अनेक खंडांचं चरित्र लिहिलं. त्यांच्या गटाला लोक दुरुस्त म्हणायचे, म्हणून दादासाहेबांचा गट आपोआप नादुरुस्त ठरला. जुन्या माणसांना हे शब्द आजही आठवतात. लग्न जमवताना मुलाकडचे दुरुस्त की नादुरुस्त हे विचारलं जायचं, असं माझ्या लहानपणी घरात ऐकलंय.

भांडणाचा मुद्दा काय होता? मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. कांबळे गटाचा भर घटनात्मक मार्गावर होता. रस्त्यावर उतरणं, सत्याग्रह करणं, कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावणं हे बाबासाहेबांच्या शिकवणीत बसत नाही, असं त्यांना वाटे. आणि खरोखरच २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी, घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग सोडून द्यावेत असं सांगितलं होतं. दादासाहेबांच्या बाजूनं पाहिलं तर, १९५३ साली मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी फेडरेशननं सत्याग्रह केला होता तो बाबासाहेब हयात असतानाच. नोकरीतला बौद्ध माणूस शहरात जरा सावरला, पण खेड्यातल्या भूमिहीनाचं काय, हा दादासाहेबांचा प्रश्न होता. दोघांच्याही खिशात बाबासाहेबच होते.

पण मुद्द्याच्या आडून दुसरंही काही चाललं होतं. दादासाहेबांचं शिक्षण कमी, इंग्रजी बेताचं, अंगात धोतर. समोरची मंडळी पदवीधर, सुटाबुटातली. धोतरवाल्यांनी पक्ष चालवायचा की शिकलेल्यांनी, असा वाद झाला. जे बाबासाहेब शिका म्हणून सांगून गेले, त्यांच्याच लेकरांनी शिक्षणाची काठी करून एकमेकांना मारली, हे लिहितानाही वाईट वाटतं. आणि दादासाहेबांची बाजू निर्दोष होती असंही मी म्हणणार नाही. वयानं आणि कामानं मोठ्या माणसानं रुसलेल्या धाकट्यांना घरात परत आणायला हवं होतं. ते त्यांना जमलं नाही, किंवा त्यांनी पुरेसं मनावर घेतलं नाही.

म्हणजे आपल्या वस्तीतल्या दोन मिरवणुका काही आजच्या मोबाईलनं निघाल्या नाहीत. त्यांची वाट १९५९ पासूनची आहे.

तरीही त्या माणसाचं मोठेपण असं की, फुटलेला पक्ष घेऊनही ते बसून राहिले नाहीत. १९५९ साली त्यांनी खानदेश, मराठवाडा, नाशिक-नगर या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. सरकारी पडीक जमीन, गायरान, ज्यावर काहीच पिकत नाही ती कसायला द्या, एवढीच मागणी. हजारो माणसं तुरुंगात गेली.

खरा मोठा लढा मात्र १९६४ चा. त्या वर्षी शिवराज वारले आणि पक्षाची धुरा दादासाहेबांकडे आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींकडे मागण्यांची सनद दिली गेली आणि ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. तो फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. तीन लाखांहून जास्त माणसांनी अटक करून घेतली अशी तेव्हाची नोंद आहे. तीन लाख! बाया कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा त्या सत्याग्रहात होते, पोरांनो, घरी विचारा. नाव कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, पण घरात सापडेल.

त्या सनदेत काय मागितलं होतं ते सांगतो, कारण एकेक मागणी पुरी व्हायला किती काळ लागला ते पाहण्यासारखं आहे. भूमिहीनांना जमीन. शेतमजुराला किमान वेतन. रास्त भावात धान्य. बौद्ध झालेल्यांना सवलती. आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र. महाराष्ट्र सरकारनं यशवंतराव चव्हाणांच्या वेळी राज्यापुरत्या सवलती आधीच दिल्या होत्या. केंद्राच्या सवलती आणि सेंट्रल हॉलमधलं चित्र, दोन्ही १९९० साली आलं, म्हणजे सव्वीस वर्षांनी. जमिनीचं आपण शेवटी बोलू.

या सत्याग्रहाची एक गंमत अशी की दुरुस्त-नादुरुस्त भांडणाऱ्या गावांतूनसुद्धा लोक जमिनीसाठी एकत्र गेले. जमीन म्हटल्यावर कोण कोणत्या गटाचा हे विचारायला सवडच नव्हती. पुढाऱ्यांची भांडणं दिल्ली-मुंबईत राहिली, खाली माणसं एकाच पोलीस व्हॅनमध्ये बसली.

विरोधकांशी वागण्याची तेव्हाची रीतही वेगळी होती असं एक उदाहरण आहे. दादासाहेब १९६२ पर्यंत लोकसभेत होते, नंतर १९६८ पर्यंत राज्यसभेत. त्यांच्या जुन्या नाशिकच्या जागेवर १९६३ साली पोटनिवडणूक लागली. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते, त्यांना लोकसभेत जायचं होतं. सात वर्षांपूर्वी महाराष्ट्रद्रोही म्हणून ज्यांच्यावर चिखलफेक झाली, त्यांच्याविरुद्ध नाशिकला कोणीच उभं राहिलं नाही. यशवंतराव बिनविरोध निवडून आले. आज अशी गोष्ट होईल का, याचं उत्तर मी वाचकांवर सोडतो.

पण याच मैत्रीच्या वाटेनं दादासाहेब जिथे पोचले, तिथे त्यांच्यावर सर्वांत जास्त टीका झाली. १९६७ साली जिल्हा परिषदांच्या निवडणुकांसाठी त्यांनी काँग्रेसशी युती केली. ज्या काँग्रेसशी बाबासाहेब आयुष्यभर लढले तिच्याशी! त्याच्या थोडं आधी आर. डी. भंडारे तर सरळ काँग्रेसमध्येच गेले होते आणि १९६७ ला काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पोचले होते. पुढे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडेही दादासाहेबांपासून वेगळे झाले. म्हणजे दुसरी फूट, तिसरी फूट.

युती का केली? माझा अंदाज सांगतो, तो चूक असू शकेल. खेड्यात धान्य, गायरान, विहीर, रोजगार हे सगळं ज्यांच्या हातात होतं, ते जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतले काँग्रेसवालेच होते. तुरुंगात तीन लाख माणसं जाऊन जमीन हाताला लागली ती थोडी. मग निदान गावात तरी शेजाऱ्याशी वैर नको, दारातून आत जाऊन काही मिळतं का पाहू, असं साठी ओलांडलेल्या माणसाला वाटलं असेल. १९३० चं मीठ-मिरची बंद त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना ही युती लाचारी वाटली. झालं मात्र असं की, जमीन-वेतन मागे पडलं आणि किती जागा मिळाल्या, कोणाला मिळाल्या, हे पुढे आलं. तिथून आपल्या फुटी मुद्द्यावर व्हायच्या थांबल्या आणि नावावर व्हायला लागल्या. अमका गट, तमका गट. प्रत्येक कंसात एक आडनाव. दादासाहेबांवर मी प्रेम करतो, पण हे त्यांच्याच काळात सुरू झालं हे लपवून चरित्र लिहिता येत नाही.

१९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले. पाच महिन्यांत, मे १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती रिपब्लिकन पुढाऱ्यांवर संतापलेल्या पोरांची. आणि पँथरही पुढे फुटली. १९९८ ला एकदा ऐक्य झालं, तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार एकदम निवडून आले : अकोला, अमरावती, चिमूर आणि मुंबई. चारही जागा खुल्या. आमच्या वस्तीत त्या रात्री पेढे वाटले होते, मला चांगलं आठवतं, दोन्ही मंडळांची पोरं एकाच जीपवर चढली होती. वर्षभरात ते ऐक्य मोडलं.

तर मग आजची दुही जास्त वाईट की तेव्हाची? पायरीवरच्या त्या चार जणांना मी आता असं सांगेन की, तेव्हा रक्त जास्त सांडलं, पोटावर जास्त मार बसला, आपसातही कमी फाटाफूट नव्हती. जुना काळ गोडीगुलाबीचा होता हे खोटं. पण तेव्हाच्या बहुतेक भांडणात मध्ये काहीतरी ठेवलेलं होतं. एक दार, एक तळं, एक राज्य, चार एकर जमीन. ते मिळालं किंवा नको झालं की माणसं पुन्हा एका बाकावर बसू शकत होती. आपल्या दोन मिरवणुकांच्या मध्ये काय ठेवलंय, ते मी दोन्ही बाजूंना विचारलं. रथावर कोणाचा फोटो मोठा, यापलीकडे मला उत्तर मिळालं नाही.

जमिनीचं सांगायचं राहिलं. २००४ साली महाराष्ट्र सरकारनं भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी एक योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची. योजनेला नाव दिलंय कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचं. नाव शोभतं, पण गावात विकायला जमीनच नाही म्हणून अर्ज पडून राहतात, अशी तक्रार जागोजागी ऐकू येते. आपल्या वस्तीतल्या ज्यांची मूळ गावं आहेत आणि गावाकडे भाऊबंद भूमिहीन आहेत, त्यांनी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. विहाराच्या वाचनालयात अर्जाचा नमुना ठेवला आहे, भरायला मदत लागली तर रविवारी वंदनेनंतर मी तिथे असतो.

यंदा १५ ऑक्टोबरला, दादासाहेबांच्या जयंतीला, सायंकाळी विहारात कार्यक्रम आहे. ज्या घरांतून कोणी १९५९ किंवा १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलं असेल, त्यांनी त्या माणसाचं नाव आणि गाव कागदावर लिहून आणावं, आपण एकच यादी करणार आहोत. दोन्ही जयंती मंडळांना पत्र दिलं आहे. एका मंडळाकडून होकार आला, नावंही सात आली. दुसऱ्या मंडळाच्या उत्तराची वाट पाहतो आहोत, आणि त्यांच्या अध्यक्षांचे आजोबा धुळ्याच्या तुरुंगात होते हे मला माहीत आहे.